सावलीचा ठराव

माणसानं मरायचंच तर झाडाखालची जागा आधी बघून ठेवावी, असा सल्ला मी हल्ली भेटेल त्याला देतो. लोक घड्याळाकडे बघतात आणि काहीतरी काम आठवून निघून जातात. जाऊ देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

बक्सलीच्या दफनभूमीचे दोन भाग आहेत. जुन्या भागात मोठमोठे ओक आहेत. त्यांच्याखाली गावाचे पहिले शेतकरी, त्यांच्या बायका आणि एक-दोन घोडेचोर अगदी गारव्यात झोपलेले आहेत. तो भाग कधीच भरला. नवा भाग म्हणजे पूर्वीचं बीटाचं शेत. तिथे हिरवळ आहे, एक नळ आहे आणि झेंड्याची काठी आहे. सावली म्हणाल तर त्या काठीची. माझी बायको वेल्डा तिथे आहे.

ती गेली मार्चमध्ये. त्या दिवसांत आमच्या खोऱ्यात बदामाचा मोहर नुकताच झडलेला असतो, सकाळी स्वेटर लागतो, आणि ऊन नावाची काही चीज असते हे माणूस विसरलेला असतो. शेवटी शेवटी ती फारसं बोलत नव्हती. एकदा मात्र डोळे उघडून म्हणाली, "ऑरिन, मला सावलीत ठेव हं. बाकी पाद्रीबुवांना काय बोलायचं ते बोलू दे." मी हो म्हणालो. उन्हाचा तिला जन्मभर जाच. उन्हाळाभर दुपारी ती परसातल्या तुतीखाली, पाय पाण्याच्या टबात सोडून बसायची. गव्हर्नर दारात आला असता तरी उठली नसती. जूनमध्ये मी फुलं घेऊन गेलो, दगडावरच्या तिच्या नावावर हात ठेवला आणि चटका बसला. मी हात झटकन मागे घेतला. त्या दिवशी मला जितकं वाईट वाटलं तितकं तिला पुरतानाही वाटलं नव्हतं.

तेव्हा ठरवलं की तिथे एक झाड लावायचं. एकच. परसातल्या तुतीची फांदी कापून कॉफीच्या रिकाम्या डब्यात खोचली. आमची तुती फळ न धरणारी, नुसती सावली देणारी. फांदी लगेच जगली. मग एका सकाळी डबा, फावडं आणि झारी घेऊन मी दफनभूमीत गेलो. सत्तरी उलटलेला माणूस बायकोच्या शेजारच्या रिकाम्या जागेत एकटाच खड्डा खणताना दिसला तर बघणाऱ्याच्या मनात काय येईल, याचा विचार मी केला नव्हता. दफनभूमीची सचिव ओफेलिया बरागान कचेरीतून पळत आली.

"सर, फावडं खाली ठेवा," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "आपण आत बसून बोलू. घरच्या कोणाला फोन करू का?"

"अगं, झाड लावतोय."

"झाड होय?" तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच चेहरा सचिवाचा झाला. "मग तर मुळीच नाही. त्याला मंडळाचा ठराव लागतो."

ओफेलिया माझी विद्यार्थिनी. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवत असे. जगातल्या नद्या कुठे उगम पावतात हे मला तोंडपाठ आहे, पण माझ्या गावात काय कुठे उगम पावतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. बक्सलीला नगरपालिका नाही की महापौर नाही. आम्ही मंडळांवर चालतो. आग लागली तर अग्निशमन मंडळ, तहान लागली तर पाणी मंडळ, डास चावला तर डास निर्मूलन मंडळ, अंधार पडला तर पथदिवे मंडळ आणि मेलं तर दफनभूमी मंडळ. घरपट्टीच्या बिलात प्रत्येकाचा वाटा वेगळा छापलेला असतो, इतका बारीक की वाचायला भिंग लागावं. प्रत्येकाची हद्दही वेगळी. माझी निजायची खोली आणि मोरी यांच्यामधून एक हद्द जाते असा मला दाट संशय आहे. मंडळावर बसतात ते आपलेच शेजारी, बिनपगारी. खुर्च्या कायम रिकाम्या असतात, कारण शहाणी माणसं जेवून झोपतात.

दफनभूमी मंडळाची सभा महिन्यातून एकदा बंबखान्यात भरते, कारण त्यांच्या कचेरीत विश्वस्त तरी मावतात किंवा पंखा तरी. विश्वस्त तीन असायला हवेत, होते दोन. अध्यक्ष अन्सेल्मो फुर्ताडो, दुधाचा धंदा करणारा, साठीचा, आडवा माणूस. दुसरा लेस्टर क्वेड, जो सभेत ऐकण्याचं यंत्र कानातून काढून खिशात ठेवतो. बंबाच्या गाडीसमोर घडीच्या टेबलामागे हे दोघे आणि ओफेलिया. समोर मी, कोट घालून.

नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. आयुष्यभर मी चाळीस मिनिटांच्या तासात बोललो. त्यामुळे मी व्यवस्थित सुरुवात केली, वेल्डा आणि मी प्रथम भेटलो तिथून. लग्नापर्यंत आलो तेवढ्यात ओफेलियानं घंटी वाजवली.

"वेळ संपली, सर."

"मी अजून झाडापर्यंत आलोच नाही."

"तुम्हीच सांगायचात ना सर, उत्तर मुद्द्यापासून सुरू करा म्हणून."

मी अन्सेल्मोकडे बघितलं. तो कासावीस झाला होता. "मास्तर, मला उत्तर द्यायचंय हो, पण देता येत नाही. विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर विश्वस्तानं बोलायचं नाही, असा कायदा आहे."

"निदान मान तरी हलव."

त्यानं ओफेलियाकडे बघितलं. ओफेलियानं नकारार्थी मान हलवली. म्हणून त्यानं हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी डोनटच्या दुकानात अन्सेल्मो आणि लेस्टर एका टेबलाशी बसलेले दिसले. मी खुर्ची ओढून म्हटलं, "ते तुतीचं." लेस्टरनं आपली बशी उचलली, कप उचलला आणि बाहेर जाऊन आपल्या पिकअपमध्ये बसला. काच वर, ऊन मी म्हणत होतं, आणि तो आमच्याकडे बघत डोनट खात होता.

"त्याला काय झालं?"

"तिघांपैकी दोन विश्वस्त एकत्र बसून मंडळाच्या विषयावर बोलले की ती सभा होते," अन्सेल्मो म्हणाला. "आणि सभेची सूचना तीन दिवस आधी दारावर लावावी लागते. या दुकानाच्या दारावर ती कुठंय?"

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. वेल्डाच्या दफनाच्या दिवशी हे दोघे शवपेटीच्या दोन टोकांना उभे होते आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. मला वाटलं होतं, भांडण असेल.

गावात बातमी पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आमच्याकडे खरा पाऊस दुर्मीळ, सल्ला मात्र बारमाही. न्हाव्यानं सांगितलं, प्लास्टिकचा ताड आणून रोवा, तो फुलांच्या नियमात बसतो. पाद्रीबुवा म्हणाले, आत्म्याला ऊन लागत नाही. मी म्हटलं, तुम्ही वेल्डाला ओळखत नव्हतात. सगळ्यात जहाल सल्ला कुंपणापलीकडून आला. नेडीन प्रुएट, आमची शेजारीण, विधवा. दर गुरुवारी ती आणि वेल्डा पत्ते खेळायच्या. मी खोलीत गेलो की दोघी गप्प व्हायच्या, त्यामुळे माझं तिच्याशी कधी फार जमलं नाही.

"विचारलंस तिथंच फसलास," ती म्हणाली. "गपचूप लावायचं, आणि झाड म्हातारं झालं की मग सांगायचं."

"मी शिक्षक होतो, नेडीन."

"ते दिसतंच आहे."

पुढल्या महिन्यात माझा विषय पत्रिकेवर आला, आठव्या क्रमांकावर, गवत कापण्याच्या यंत्राच्या पट्ट्यानंतर. अन्सेल्मोनं विचारलं, झाडाला पाणी कोण देणार? मी म्हटलं, मंडळ देईल. ओफेलियानं सगळं समजावून सांगितलं. घरपट्टीतून येतो तो वाटा पगार आणि नळाला पुरतो. जागा विकताना जी कायमच्या देखभालीची रक्कम घेतात, तिच्या मुद्दलाला जगबुडीपर्यंत हात लावता येत नाही, आणि व्याजातून जेमतेम हिरवळ कापून होते. म्हणजे वेल्डाच्या नावानं ठेवलेला पैसा होता, पण तिच्यासाठी झारीभर पाणी त्यातून निघत नव्हतं. तेव्हा पाण्यासाठी पाणी मंडळाला पत्र लिहायचं ठरलं. पाणी मंडळाचा अध्यक्ष कोण? अन्सेल्मो फुर्ताडो.

"मग आत्ताच विचारून टाक ना स्वतःला," मी म्हटलं.

"मास्तर, तसं केलं तर मी पक्षपाती ठरेन."

अन्सेल्मोनं अन्सेल्मोला पत्र लिहिलं. महिन्यानं अन्सेल्मोनं अन्सेल्मोला उत्तर पाठवलं की मागणी मोघम आहे, खुलासा करावा. तो खुलासा होईतो डासवाल्यांना कळलं की झाडाभोवती आळं करणार, आळ्यात पाणी साचणार. ते झालं तर बंबवाल्यांनी वाळक्या पानांचा मुद्दा काढला. प्रत्येकाची सभा वेगळी, वार वेगळा, घंटी मात्र तीच, कारण निम्म्या मंडळांची सचिव ओफेलियाच. मी कोट घालून सगळीकडे जात होतो. मला आता तीन मिनिटांत वेल्डाला भेटून, लग्न करून, तिला पुरून झाडापर्यंत पोचता येऊ लागलं होतं. तुती डब्यातून बादलीत आणि बादलीतून अर्ध्या पिंपात गेली.

याच सुमारास मला ती अवदसा आठवली. दफनभूमी मंडळावरची तिसरी खुर्ची रिकामी होती. मीच तिथे बसलो तर? नेडीनही म्हणाली, "बस. नाहीतरी घरी बसून भिंतीच बघतोस." मी अर्ज केला. काउंटीनं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारनं, इतक्या तातडीनं नेमणूक केली की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. बंबाच्या गाडीसमोर उजवा हात वर करून मी शपथ घेतली की देशाच्या आणि राज्याच्या घटनेचं परकीय आणि स्वकीय अशा सर्व शत्रूंपासून रक्षण करीन. दफनभूमीच्या विश्वस्तालाही हीच शपथ असते. घरी येऊन मी हे सांगण्यासाठी स्वयंपाकघरात गेलो. वेल्डा हसून हसून बेजार झाली असती. तिथे कोणी नव्हतं. मी दिवा मालवला आणि तसाच कोटात बसून राहिलो.

पुढच्या सभेत माझा विषय पुकारला आणि ओफेलिया खाकरली.

"सर, तुम्हाला बाहेर जावं लागेल. झाडाशेजारची जागा तुमच्या नावावर राखीव आहे. तुमचा हितसंबंध येतो. तुम्हाला मतही देता येत नाही, इथं थांबताही येत नाही."

"माझा काय हितसंबंध? मी तिथं जाईन तेव्हा मेलेला असेन."

"वकिलांना विचारलंय, सर. मेलेल्याचाही येतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी अन्सेल्मो आणि लेस्टर दोघे मिळून ठराव करू शकले असते. पण लेस्टरनं त्याच सभेत कानात यंत्र घातलं, उठून उभा राहिला आणि सांगितलं की तो आयडाहोला लेकीकडे राहायला चालला आहे. आता उरलो अन्सेल्मो आणि मी. मी बाहेर गेलो की एकटा अन्सेल्मो, आणि एकट्याचा कोरम होत नाही. मी आत राहिलो तर विषय घेता येत नाही. राजीनामा दिला तर मंडळच बंद पडणार, मग गावात कोणाला मरायचीही सोय उरली नसती. ज्या खुर्चीत मी झाडासाठी जाऊन बसलो तीच झाडाच्या आड आली.

दुसरा उन्हाळा आला. दर महिन्याला माझा विषय पुकारायचे आणि पुढे ढकलायचे. मध्ये मी इतरांचे विषय निकालात काढत होतो. फुटक्या फुलदाण्या, वाकडे दगड, हिरवळीखालून बोगदे काढणारे गोफर. गोफरांवर माझा आता बऱ्यापैकी अभ्यास आहे. आणि दुपारी फोडून काढणारं ऊन पडलं की मी घरात पडदे ओढून बसायचो आणि मला एवढंच दिसायचं की ती तिकडे उघड्यावर आहे. मी तिला हो म्हटलं होतं, आणि सगळ्या गावाला पुरेल एवढं सरकार असूनही मला ते पाळता येत नव्हतं.

परसात ठेवलेल्या पिंपातल्या तुतीनं तर वेगळंच केलं. एक दिवस पिंप सरकवायला गेलो तर हलेना. मुळं पिंपाचा तळ फोडून खाली जमिनीत गेली होती. वाट बघून कंटाळून ती जिथे होती तिथेच राहायला लागली होती. मी पिंपाला मिठी मारल्यासारखा वाकून उभा होतो आणि नेडीन कुंपणापलीकडून बघत होती.

"सोड ते," ती म्हणाली. "मी अर्ज केलाय. तिसऱ्या खुर्चीसाठी."

"तू? तू तर सरकारला शिव्या घालतेस. संध्याकाळची घराबाहेर पडत नाहीस."

"नाही पडत."

"मग माझ्यासाठी कशाला हे लोढणं गळ्यात घेतेस?"

"तुझ्यासाठी कोण घेतंय?" तिचा आवाज चढला. "तुझी एकट्याचीच गेली का रे ती? दर गुरुवारी मी पत्ते काढते, ऑरिन. काढते आणि परत ठेवते. कोणी विचारलं मला? सगळे डबे घेऊन तुझ्या दारात आले."

ते डबे मी महिनाभर एकट्यानं खाल्ले होते आणि कुंपणापलीकडे कोण कशी जेवत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "आत ये, कॉफी करतो." ती म्हणाली, "तुझी कॉफी कशी असते ते वेल्डानं सांगितलंय मला." पण आली.

नेडीननं शपथ घेतली ती ऑगस्टच्या सभेत. माझा विषय पुकारताच मी नियमाप्रमाणे उठून बाहेर गेलो. उकाड्यामुळे बंबाच्या गाडीचं मोठं दार उघडंच होतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान काही मंडळाच्या हद्दीत येत नाहीत.

"तुतीची मुळं दगड उचलतात," अन्सेल्मो म्हणत होता. "उद्या सगळेच मागतील."

"मागू देत. उन्हात पडायची कोणाला हौस आहे?" नेडीन म्हणाली. "वेल्डा आजारी पडल्यावर एका गुरुवारी पानं वाटता वाटता मला म्हणाली, नेडीन, मला मरायची भीती नाही वाटत. ऑगस्टची वाटते."

हे वेल्डा मला बोलली नव्हती. मला ती फक्त एवढंच म्हणाली होती की सावलीत ठेव. मी भिंतीला धरलं. भिंत तापलेली होती, पण मी हात काढला नाही.

मग अन्सेल्मोचा आवाज आला, अगदी खाली गेलेला. "माझी आईसुद्धा त्याच भागात आहे. मला हे कधी सुचलंच नाही." आणि मग, "अनुकूल." नेडीन म्हणाली, "अनुकूल." ओफेलियानं अट वाचून दाखवली की मुळांनी दगड हलल्यास जबाबदारी शेजारच्या जागेच्या धन्याची राहील, निरंतर. म्हणजे माझी, मेल्यावरसुद्धा.

ओफेलिया दारात आली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाली, "सर, झालं. सावकाश या. पुढचा विषय गोफरांचा आहे."

मी तोंड पुसून आत गेलो आणि गोफरांवर मत दिलं. कोणत्या बाजूनं दिलं ते आता आठवत नाही.

थंडीत पानं झडल्यावर अन्सेल्मोनं आपला ट्रॅक्टर आणला. जमिनीत गेलेली मुळं तोडावी लागली, ती तोडताना मी घरात जाऊन बसलो. दफनभूमीत लावल्यावर ती नुसती काठी दिसत होती, शेजारच्या झेंड्याच्या काठीची धाकटी बहीण. वसंतात मात्र तिला पानं आली. थोडीच आली, कारण मुळं पुन्हा पहिल्यापासून धरायची होती. अन्सेल्मो म्हणतो, सावली दगडापर्यंत यायला बरीच वर्षं लागतील. माझं वय बघून त्यानं आकडा सांगितला नाही.

सध्या ती सावली हातरुमालाएवढी आहे आणि गवतावरच पडते. म्हणून दुपारी ऊन तापलं की मी जातो आणि वेल्डाच्या दगडाच्या पश्चिमेला उभा राहतो. माझी सावली बरोबर तिच्या नावावर पडते, आणि थोड्या वेळानं हात ठेवला तर दगड हाताला सोसतो. नेडीन कधी कधी बरोबर येते. ती मला दर वेळी सांगते की वेड्या, घडीची खुर्ची आण आणि बस. पण हिरवळीवर खुर्ची मांडायला मंडळाची परवानगी लागते. विषय पत्रिकेवर घातलाय. तोवर मी उभा राहतो, ऊन कलेपर्यंत.